रक्तातला मुक्काम

रक्त तपासणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली जाते. मशीनवर भरवसा ठेवायचा, पण आधी त्याला कंट्रोल दाखवून. कंट्रोल म्हणजे ज्यात काय किती आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे असा नमुना. तो बरोबर वाचला गेला की मगच पेशंटच्या ट्यूबा लावायच्या. पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली आणि या कंट्रोलपायी सकाळच्या प्रहरी किती वेळा डोकं धरून बसले असेन याला गणती नाही. आकडा भलताच आला की रिएजंट बदला, प्रोब धुवा, परत चालवा. हे सगळं करून शेवटी गाडं रुळावर येतंच. पण कंट्रोलच मिळत नाही, तसलं रक्तच हाताशी नाही, अशी वेळ आमच्यावर कधी आली नाही. ती आली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ३एम कंपनीतल्या क्रिस हॅन्सन नावाच्या केमिस्टवर.

साल १९९७. आपल्या कामगारांच्या रक्तात फ्लोरिनवाली रसायनं उतरतात हे कंपनीला आधीपासून माहीत होतं. हॅन्सनकडे ती मोजण्याचं काम आलं आणि तुलनेला म्हणून रेडक्रॉसच्या रक्तपेढीतलं रक्त घेतलं गेलं. रक्तदान करणारी ही सामान्य माणसं कारखान्याच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नव्हती. तर मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर त्यांच्या रक्तातही पीएफओएस या त्यांतल्याच एका रसायनाचा पीक (आलेखातला टोकदार उंचवटा), नेमका त्याच जागी. मशीनमध्येच काही गडबड असेल म्हणून मशीन तपासलं, दुसरं वापरलं, दुसरीकडचं रक्त मागवलं. पीक हलेना. शेवटी जुन्या, साठवून ठेवलेल्या नमुन्यांचा शोध सुरू झाला आणि हाती लागलं कोरियन युद्धाच्या काळातल्या जवानांचं रक्त, कंपनीची असली रसायनं असलेली उत्पादनं घराघरात पोचण्याआधी काढलेलं. त्यात मात्र काही नव्हतं.

लॅबवाल्याने हबकून जावं अशी ही गोष्ट आहे. स्वच्छ ब्लँक, म्हणजे ज्यात ते रसायन अजिबात नाही असा नमुना, हवा असेल तर आता मागच्या काळात जावं लागतं.

खरं तर याची चाहूल तीस वर्षं आधीच लागली होती. रॉचेस्टर विद्यापीठातले डोनाल्ड टेव्हज माणसाच्या सीरममधलं, म्हणजे रक्त गोठल्यावर पेशींवर उरणाऱ्या द्रवातलं, फ्लोराइड मोजत होते. सीरम जसंच्या तसं मोजलं तर आकडा कमी यायचा आणि जाळून राख करून मोजलं तर जास्त. म्हणजे काही फ्लोरिन कशात तरी घट्ट अडकलेलं होतं आणि जाळल्याशिवाय ते मोजणीला सापडत नव्हतं. १९६८ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की माणसाच्या सीरममध्ये फ्लोराइड दोन रूपांत असतं, आणि हे दुसरं रूप अल्ब्युमिन या प्रथिनाबरोबर फिरतं. पुढे फ्लोरिडा विद्यापीठातल्या वॉरन गाय यांच्या जोडीने रक्तपेढ्यांतला प्लाझ्मा तपासून १९७६ साली अंदाज मांडला गेला की हे पीएफओए या पीएफओएसच्याच जातीच्या रसायनासारखं काहीतरी दिसतं, आणि ते रोजच्या वापरातल्या वस्तूंवरच्या लेपांतून आलं असावं. त्याच्या आदल्या वर्षी गाय यांनी ३एमला फोन करून सरळ विचारलंही होतं. कंपनीने कानांवर हात ठेवले. या फोनची नोंद कंपनीच्याच कागदांत आहे आणि मिनेसोटा राज्याने लावलेल्या खटल्यामुळे ती जगासमोर आली. तो खटला २०१८ मध्ये ८५ कोटी डॉलरवर मिटला.

म्हणजे एका माणसाने साधं, जुन्या पद्धतीचं मोजमाप नीट केलं आणि दोन आकड्यांतली तफावत ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिली नाही. आमच्या धंद्यात यालाच काम म्हणतात, पण असं काम रोज कोण करतं?

आता ही रसायनं कुठून आली, ते. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या तरुण केमिस्टने टेट्राफ्लोरोएथिलीन वायूच्या सिलिंडरची चावी उघडली. वायू आलाच नाही. सिलिंडर रिकामा म्हणावा तर वजन भरल्या सिलिंडरचं. चावीतून तार घालून पाहिली, चावी काढून सिलिंडर उलटा केला, तर पांढरी भुकटी पडली. मग सिलिंडर सरळ कापलाच. आतल्या भिंतीवर मेणचट पांढरा थर बसला होता. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची लांबच लांब साखळी तयार झाली होती. त्या भुकटीवर आम्ल ओता, काही होत नाही. तापवा, विरघळवायला बघा, ती ढिम्म. पुढे तिचं टेफ्लॉन झालं. पण पॅनवर बसण्याआधी ती अणुबाँबच्या प्रकल्पात कामी आली, कारण युरेनियम हेक्झाफ्लोराइडसारख्या खादाड वायूपुढे टिकणारे गॅस्केट दुसऱ्या कशाचे करता येईनात.

ही सगळी चिवटाई एका बंधात आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातला सर्वांत बळकट एकेरी बंध, साधारण ४८५ किलोज्यूल प्रति मोल. ऊन, आम्ल, जिवाणू, आपल्या यकृतातली विकरं, कोणालाच तो सहजी तोडता येत नाही. त्यात या साखळीला पाणीही आवडत नाही आणि तेलही. म्हणून शर्टावर, गालिच्यावर, कागदी वेष्टनावर तिचा लेप दिला की डाग बसत नाहीत. पेट्रोल पेटलं तर त्यावर पसरणारा फेसही यातूनच आला, आणि विमानतळांवर, लष्करी तळांवर सरावासाठी तो वर्षानुवर्षं ओतला गेला. तो मुरला जमिनीत आणि तिथून विहिरींत.

इथे एक फरक केलाच पाहिजे, कारण यावरून घबराट फार चालते. पॅनवरचं टेफ्लॉन हा अवाढव्य रेणू. त्याचा कपचा पोटात गेला तरी तो आतड्यातून रक्तात शिरत नाही, आला तसा बाहेर पडतो. (रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरला तर मात्र त्यातून विषारी वाफा निघतात; पिंजऱ्यातले पक्षी त्यांनी मरतात.) रक्तात जाऊन बसतात ते त्याचे लहान भाऊबंद: टेफ्लॉन बनवताना साबणासारखं वापरलं जाणारं पीएफओए, डागरोधक लेपांतलं आणि फेसातलं पीएफओएस, त्याचाच धाकटा पीएफएचएक्सएस. या सगळ्या कुळाला मिळून पीफास म्हणतात आणि कुळात सदस्य हजारोंनी आहेत. तेव्हा चरा पडलेला पॅन फेकून दिल्याने हिशेब मिटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी पिण्याच्या पाण्याकडे बघावं.

निसर्गाला फ्लोरिनचं सेंद्रिय रसायनशास्त्र जवळजवळ ठाऊकच नाही. फ्लोरिन असलेली नैसर्गिक सेंद्रिय संयुगं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. त्यांतलं प्रसिद्ध ते दक्षिण आफ्रिकेतल्या गिफ्ब्लार नावाच्या झुडपात सापडणारं फ्लोरोॲसिटेट. गुरं ते खातात आणि मरतात. त्याच्या मारण्याची तऱ्हा रुडॉल्फ पीटर्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने उलगडली: पेशीला ते साध्या ॲसिटेटसारखं वाटतं, ती त्याला आपल्या ऊर्जाचक्रात घेते, त्यापासून फ्लोरोसायट्रेट बनवते आणि मग चक्रच बंद पडतं. विष तयार करणारी पेशी स्वतःच. पीफासचं काम इतकं झटपट नाही. पण तिथेही शरीराची फसगत होते ती अशाच ओळखीच्या घोटाळ्याने.

पीएफओएचा रेणू दिसायला आपल्या नेहमीच्या मेदाम्लासारखा आहे. लांब शेपटी, टोकाला आम्लाचा गट, सगळे मिळून आठ कार्बन. फक्त शेपटीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन. रक्तात मेदाम्लांची ने-आण अल्ब्युमिन करतं, तेच अल्ब्युमिन यालाही पाठीवर घेतं. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं चरबीत जाऊन बसतात, त्यामुळे ‘साठतं’ म्हटलं की लोकांना चरबीच आठवते. पीफास साठतं ते रक्तात आणि यकृतात. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली ट्यूब मी हजारो वेळा उजेडासमोर धरली असेल: खाली लाल रक्तपेशी, मध्ये जेलची चकती, वर गवताच्या रंगाचं पारदर्शक सीरम. त्या सीरममध्ये, अल्ब्युमिनच्या पाठीवर, ही मंडळी तेव्हाही असणारच. आमच्या कुठल्याही टेस्टला ती दिसत नव्हती. दिसायला मिलिलिटरमधला नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग मोजणारं यंत्र लागतं, आणि माणसंही अशी लागतात की जी टेफ्लॉनचा थर असलेलं झाकणसुद्धा नमुन्याच्या जवळ येऊ देत नाहीत. नाहीतर मशीन झाकणच मोजायचं.

आता मूत्रपिंड. गाळताना जे पाणी पुढे जातं त्यातून कामाच्या वस्तू मूत्रपिंड परत उचलून घेतं. ग्लुकोज घेतं, युरिक ॲसिडचाही मोठा हिस्सा परत घेतं. त्यासाठी नळ्यांच्या भिंतीत वाहक प्रथिनं बसवलेली असतात. पीएफओए त्याच वाहकांच्या हाताला लागतं आणि ती त्याला परत रक्तात आणून सोडतात. पित्तातून आतड्यात उतरलेलं असतं तेही आतडं पुन्हा शोषून घेतं. शरीर कंजूष म्हणून लाखो वर्षं टिकलं, आणि तीच कंजुषी इथे आड येते.

ही कंजुषी प्रत्येक प्राण्यात वेगळी, आणि त्याने विषशास्त्राची पुरती भंबेरी उडवली. प्रयोगशाळेतल्या मादी उंदराच्या शरीरातलं पीएफओए काही तासांत निम्मं होतं. त्याच जातीच्या नराला दिवस लागतात, कारण ती वाहक प्रथिनं नरांच्या संप्रेरकाच्या तालावर नाचतात. माकडांत तीन-चार आठवडे. माणसांत? ३एमच्या निवृत्त कामगारांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सव्वीस जणांचं रक्त काही वर्षं पुनःपुन्हा तपासलं होतं. पीएफओए निम्मं व्हायला सरासरी साडेतीन-चार वर्षं, पीएफओएस पाचेक वर्षं, पीएफएचएक्सएस आठच्या घरात. उंदरांच्या मादीवर प्रयोग करून ‘शरीरातून लगेच निघून जातं’ असं कोणी म्हणालं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, माणसाच्या बाबतीत निरुपयोगी मात्र ठरलं असतं.

हौदाला वरून बारीकशी धार लागलेली आणि खालची मोरी सुईच्या भोकाएवढी, तर हौद किती भरेल, हा शाळेतला गणिताचा प्रश्न इथे लागू पडतो. धार बारीक असली तरी पातळी चढत जाते. पाण्यातून रोज पीएफओए पिणाऱ्या माणसाच्या सीरममध्ये त्याचं प्रमाण त्या पाण्याच्या साधारण शंभर पट होऊन स्थिरावतं. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएसची मर्यादा ठरवली ती प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम. आकडा हास्यास्पद वाटतो खरा. शंभराने गुणल्यावर हसू जातं.

मोरी मोठी करता येते का? बाईच्या शरीराला ती निसर्गाने थोडी मोठी दिलेली आहे. पाळीतून रक्त जातं, त्याबरोबर पीफास जातं. म्हणून तरुण बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा बहुधा कमी असतो. गर्भाशयातली वार ओलांडून ते पोटातल्या बाळात जातं. मग दूध. फॅरो बेटांवरच्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तातली यातली काही रसायनं दर महिन्याला २० ते ३० टक्क्यांनी वाढत होती. आईचा आकडा उतरतो तो असा. बाळाला अंगावर पाजू नका असं यावरून कोणी शहाणा डॉक्टर सांगत नाही, सांगूही नये. दुधाचे फायदे मोठे आहेत. पण ‘शरीर शुद्ध करण्याचे उपाय’ विकणाऱ्यांनी एकदा हे वाचावं. काढा, घाम, उपास यांनी यातलं काही ढळत नाही.

ज्याने ढळतं ते गमतीशीर आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या अग्निशमन दलातल्या २८५ जणांना तीन गटांत विभागून वर्षभर पाहिलं. एका गटाने दर बारा आठवड्यांनी रक्त दिलं, दुसऱ्याने दर सहा आठवड्यांनी प्लाझ्मा दिला, तिसऱ्याने काहीच नाही. २०२२ मध्ये निकाल आला: देणाऱ्यांच्या रक्तातलं पीएफओएस उतरलं, प्लाझ्मा देणाऱ्यांचं अधिक. जळवा लावून रक्त काढणाऱ्या जुन्या वैद्यांना हे कळलं असतं तर त्यांनी मिशीवर पीळ दिला असता. पण माझ्या मनात लगेच दुसरा प्रश्न: ते दिलेलं रक्त ज्याला चढलं त्याचं काय? ज्याला रक्ताची गरज आहे त्याच्यापुढे हा प्रश्न क्षुल्लक, कबूल. तरीही हौद रिकामा होत नाही, एकातलं दुसऱ्यात जातं, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. डेन्मार्कमधल्या कोर्सोर गावात, फेसाने दूषित झालेल्या जमिनीवर चरणाऱ्या गुरांचं मांस खाल्लेल्या लोकांना कोलेस्टायरामिन दिलं गेलं. कोलेस्टेरॉलसाठीची ही जुनी पावडर. आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेते. तिने पीएफओएसलाही धरलं आणि बारा आठवड्यांत रक्तातलं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी उतरलं. तरी सरसकट सगळ्यांनी ती घ्यावी असं नाही, पोटाला ती काही सोसवत नाही.

बरं, रक्तात आहे म्हणून होतं काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सर्वांत मोठं उत्तर एका कोर्टकज्ज्यातून निघालं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटचा टेफ्लॉनचा कारखाना. विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याची गुरं कंपनीच्या कचराभूमीजवळच्या ओढ्याचं पाणी पिऊन मरू लागली. रॉब बिलॉट या वकिलाने १९९९ मध्ये त्यांच्या वतीने दावा लावला आणि कागद उपसता उपसता प्रकरण गावोगावच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत गेलं. २००४ च्या समझोत्यात ठरलं की आधी विज्ञानाने सांगावं, पीएफओएने आजार होतात की नाही. मग सुमारे ६९ हजार माणसांनी रक्त दिलं. एवढ्या ट्यूबा! सॅम्पल गोळा करणाऱ्यांच्या मनगटांचा मी नुसता विचार केला. तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत सहा आजारांशी संभाव्य संबंध असल्याचा निर्वाळा दिला: वाढलेलं कोलेस्टेरॉल, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा आजार), थायरॉइडचे विकार, गरोदरपणातला रक्तदाब, मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्यांत टाकलं.

मला यातलं कोलेस्टेरॉल जास्त खुपतं. कर्करोगाचं नाव भारी, पण तो थोड्यांना. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर मी आयुष्यभर सह्या घेतल्या. आकडा जरा चढला की पेशंटला तूप, व्यायाम, वडिलांचं हृदय याबद्दल विचारलं जातं. पाण्याबद्दल कोणीही विचारत नाही, आणि विचारावं तरी कसं, मोजलेलंच नाही. वैयक्तिक पातळीवर हा वाटा लहानसा असतो, कोणाच्या मृत्यूच्या दाखल्यावर पीफास असं कधी लिहिलं जाणार नाही. लाखो लोकांचा आकडा एकदम थोडा थोडा सरकला की हृदयविकाराच्या रांगेत किती जण वाढले हे मोजता येतं, ते कोण हे सांगता येत नाही.

फॅरो बेटांवरच फिलिप ग्रांजाँ यांच्या गटाने मुलांच्या लसींचा माग काढला. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसी सगळ्यांनाच दिलेल्या. पाचव्या वर्षी ज्यांच्या रक्तातली ही रसायनं दुप्पट, त्यांच्यात सातव्या वर्षी प्रतिपिंडं जवळपास निम्मी भरली. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुलं आजारी नव्हती. खेळत होती, शाळेत जात होती, कुठल्याही डॉक्टरने त्यांना ठणठणीत म्हटलं असतं. लसीने जी राखण उभी करायची ती मात्र अर्धीच उभी राहिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये आठवड्याची मर्यादा ठरवताना लसींचा हाच परिणाम पायाभूत धरला: अशा चार रसायनांची मिळून वजनाच्या किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम.

आणि इथे मी परत माझ्या जुन्या टेबलावर येते. रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते ना, ती कशी काढतात ते बहुतेकांना माहीत नसतं. किमान १२० निरोगी माणसं घ्यायची, सगळ्यांचं मोजायचं, वरची आणि खालची अडीच-अडीच टक्के माणसं छाटायची, उरले ते नॉर्मल. त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की ही माणसं त्या बाबतीत ठीकच आहेत. हिमोग्लोबिनला हे चालतं. अमेरिकेत १९९९-२००० साली लोकांच्या सीरममध्ये पीएफओएसची सरासरी मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅम होती. त्या वर्षी माझ्या टेबलावर ३० आकड्याची ट्यूब आली असती तर या पद्धतीने मी निःशंकपणे ‘नॉर्मल’ लिहिलं असतं. ३एमने मे २००० मध्ये पीएफओएस बंद करण्याची घोषणा केली आणि आकडे उतरत गेले. २०१७-१८ मध्ये सरासरी ४ च्या आसपास होती. आता तोच ३० चा माणूस सगळ्यांत वरच्या पाच टक्क्यांत जाईल. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी जी पायरी आखली तिच्यात अशा अनेक रसायनांची मिळून बेरीज २० च्या वर गेली की जास्त बारकाईने तपासण्या कराव्यात असं म्हटलंय, आणि त्याचं एकट्याचं पीएफओएसच ३०. माणसाचं रक्त बदललं नाही, आजूबाजूच्यांचं उतरलं.

‘इतरांसारखंच आहे’ आणि ‘ठीक आहे’ यांची आमच्या रिपोर्टांनी गल्लत केली, ती त्या पद्धतीतच आहे. कंपन्यांच्या वकिलांना ती फार सोयीची. सगळ्यांच्याच रक्तात आहे म्हटल्यावर तुमच्या रक्तात आहे याची तक्रार कशी करणार?

आकडे उतरले ही मात्र खरी आणि चांगली बातमी, ती उगाच नाक मुरडून सांगू नये. उत्पादन थांबवलं की रक्त उतरतं. अशा चिवट रसायनांवर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये, पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये आलं. फक्त प्रत्येक वेळी एक रसायन जातं आणि त्याची जागा घ्यायला आखूड शेपटीचं दुसरं आधीच तयार असतं. हे आखूडवाले शरीरातून लवकर निघतात हे खरं आहे. निसर्गातून ते निघत नाहीत, कोळशाच्या फिल्टरला नीट धरत नाहीत, आणि रोज पाण्यातून येत राहिले तर शरीरातून लवकर निघण्याचा फायदा तो काय. सगळ्यांत आखूड ट्रायफ्लोरोॲसिटिक ॲसिड तर काही शीतकरण वायू हवेत मोडून तयार होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. म्हणूनच २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून प्रस्ताव मांडला की एकेक रसायन पकडत बसण्यापेक्षा अख्ख्या कुळावरच बंधन आणा, जिथे पर्याय नाही तेवढं सोडून. मला हे पटतं. पुढच्या प्रत्येक भावंडासाठी पुन्हा ६९ हजार माणसांनी हात पुढे करायचा का?

सगळ्यांच्याच रक्तात आहे या युक्तिवादाला सर्वांत सरळ उत्तर स्वीडनमधून आलं. रॉनेबी नगरपालिकेतल्या कालिंगे गावाला जवळच्या लष्करी विमानतळावरचा फेस मुरलेलं पाणी वर्षानुवर्षं नळाने येत होतं. डिसेंबर २०१३ मध्ये तपासलं तेव्हा जलकेंद्रातून निघणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे १० हजार नॅनोग्रॅम पीफास निघालं आणि ते केंद्र तडकाफडकी बंद केलं गेलं. दीडशेहून अधिक गावकऱ्यांनी पाणी पुरवणाऱ्या नगरपालिकेच्या कंपनीवर दावा लावला. बचाव अपेक्षित तोच: तुम्हाला आजार कुठे झालाय? आजार नाही तर इजा नाही. खालच्या कोर्टांत निकाल एकदा इकडे, एकदा तिकडे गेला. ५ डिसेंबर २०२३ रोजी स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रक्तात हे इतक्या प्रमाणात असणं आणि त्यामुळे आजाराचा धोका वाढणं हीच शारीरिक इजा आहे, आजार व्हायची वाट बघावी लागत नाही.

मी कायद्यातली नाही. पण एक लॅबचा रिपोर्ट, ज्यात पेशंटला काहीही होत नाहीये, तो आपल्या पायावर उभा राहून पुरावा ठरला, हे वाचून मला आमच्या साऱ्या जातभाईंच्या वतीने बरं वाटलं. त्याच रॉनेबीच्या लोकांचं रक्त नळ बंद झाल्यानंतर पुनःपुन्हा तपासून शास्त्रज्ञांनी निम्मं होण्याचा काळ काढलाय: पीएफओए २.७ वर्षं, पीएफओएस ३.४, पीएफएचएक्सएस ५.३. त्या हिशेबाने, निकाल लागला त्या दिवशी ते पाणी सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती आणि पीएफएचएक्सएस मूळच्या पावपटीहून थोडं जास्तच शिल्लक होतं.